बिनी म्हणजे पोरं

पसरणीचा घाट मी पहिल्यांदा सायकलवरून चढलो तेव्हा मला अठ्ठावन्न पुरी होऊन चार महिने झाले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो, निरोपाच्या सभेत शाल-नारळ मिळाला आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांनी साखरेचा रिपोर्ट हातात दिला. म्हणाले, "गुरुजी, चाला किंवा सायकल चालवा." चालून चालून वाईतल्या सगळ्या गल्ल्या संपल्या, म्हणून सायकल घेतली.

पसरणीचा घाट आमच्या घराला नवा नव्हता. आमचे वडील, बाबा, बागवान. फळांचा धंदा. मोसमाप्रमाणे पेरू, संत्री, सीताफळं दोन पाट्यांत भरायची, पाट्या सायकलच्या कॅरिअरला बांधायच्या आणि पाचगणीच्या बाजाराला जायचं. तिथल्या निवासी शाळांमुळं गिऱ्हाईक चांगलं. वाई ते पाचगणी साडेपाचशे-सहाशे मीटरचा चढ आहे, आणि बाबांची सायकल म्हणजे बिनगिअरची, काळी, लोखंडी. एवढ्या ओझ्यानिशी ती चढावर चालवणं शक्यच नव्हतं. ते पहाटे निघायचे आणि अख्खा घाट सायकल ढकलत चढायचे. संध्याकाळी पाट्या रिकाम्या झाल्या की पायडलला पाय न लावता खाली यायचे. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, "बाबा, तुम्ही सायकलवर बसत का नाही?" ते म्हणाले, "चढाला सायकल आपल्याला नेत नसते. आपण सायकलला नेतो."

त्या घाटात पाट्या ढकलून त्यांनी मला डी.एड. केलं. मी पगारावर माझ्या पोराला इंजिनिअर केलं. पोरगा गेली अकरा वर्षं जर्मनीत आहे. बायको तिथंच नोकरीला, नातवाला जर्मन फाडफाड येतं, मराठी समजतं, दखनी फक्त आजीशी.

आता खरी गोष्ट सांगतो. या वर्षी जानेवारीत पोराचा फोन आला. त्याच्या आईला आला, मला नाही. त्यानं जर्मन नागरिकत्वासाठी अर्ज करायचं ठरवलं होतं. आपल्या कायद्यात दोन देशांचं नागरिकत्व चालत नाही. दुसऱ्या देशाचं घेतलं की भारताचं जातं. ओसीआय कार्ड मिळतं, येणं-जाणं, राहणं होतं, पण मत देता येत नाही. हे सगळं मला ठाऊक होतं, नागरिकशास्त्र मीच शिकवत होतो. नंतर त्यानं मलाही फोन केला, आणि एकच काम सांगितलं: "अब्बा, माझा जन्मदाखला नव्यानं काढून ठेवा."

दाखला मला चौथ्या दिवशी मिळाला. मी तो खाकी पाकिटात घालून कपाटात ठेवला आणि पोराला सांगितलं, अजून व्हायचाय. फेब्रुवारीत सांगितलं, साहेब रजेवर आहेत. मार्चमध्ये रमजान आला, त्यानंही विचारलं नाही. उभ्या नोकरीत मी एवढं सलग खोटं बोललो नव्हतो.

ईदच्या दिवशी त्याचा फोन आला. म्हणाला, "अब्बा, एप्रिलमध्ये या. तुम्ही आणि मी दोघंच. मायोर्काला सायकली चालवू चार दिवस. तुम्हाला आता घाट चढता येतो ना?" व्हिसा त्याच्या आईसाठी आणि माझ्यासाठी आधीच काढलेला होता, नातवाला बघायला जायचंच होतं. आमच्या हिनं बॅग भरली. खाकी पाकीट मी स्वतः बॅगेच्या तळाशी ठेवलं. द्यायचं की नाही हे ठरलं नव्हतं.

मायोर्का हे भूमध्य समुद्रातलं स्पेनचं बेट. त्याच्या वायव्य किनाऱ्याला लागून सेरा दे त्रामुन्ताना नावाची डोंगररांग आहे. नकाशावर पाहिली की आपली सह्याद्रीची आठवण येते: एका बाजूला समुद्र, लगेच उभा डोंगर, आणि पलीकडं सपाटी. फरक एवढाच की आपल्या डोंगराला आणि समुद्राला मधे कोकण मिळालं, तिथं डोंगर थेट पाण्यात पाय सोडून बसलाय. वसंतात युरोपभरचे सायकलवाले इथं येतात. रस्ते गुळगुळीत, ऊन सोसण्याजोगं, आणि मोटारवाले सायकलच्या मागं शांतपणे थांबून राहतात. हॉर्न नाही. पहिल्या दिवशी त्या शांततेचंच मला दडपण आलं. मी सारखा मागं वळून बघत होतो.

आम्ही सोयेर नावाच्या गावात उतरलो. चारी बाजूंनी डोंगर, मधे वाटीसारखं खोरं, आणि खोऱ्यात जिकडंतिकडं संत्री. परसात संत्री, रस्त्याच्या कडेला संत्री, सकाळच्या वाऱ्याला संत्र्याच्या फुलांचा वास. बागवानाच्या पोराला यापेक्षा काय हवं? स्थानिक भाषेत संत्र्याला 'तारोंजा' म्हणतात. हा शब्द अरबी 'तुरुंज'वरून आला, अरबीत तो फारसीतून गेला. पूर्वेकडचं फळाचं नाव फिरत फिरत तिथं जाऊन तारोंजा झालंय. पोराला हे सांगितलं तर तो हसून म्हणाला, "त्यालाही कुणी दाखला मागितला असेल का?" मी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानातून भाड्यानं सायकली घेतल्या. माझी सायकल मी एका हातानं उचलली तेव्हा बाबांची आठवण झाली. त्यांची रिकामी सायकलसुद्धा याच्या तिप्पट भरली असती. पोरानं मला सायकलवाल्यांची ती घट्ट चड्डी आणली होती. साठीच्या माणसानं घालावी असली ती वस्तू नव्हे. वरून माझी नेहमीची पँट चढवतो म्हटलं तर म्हणाला, "अब्बा, इथं कुणी बघत नाही." खरंच कुणी बघत नव्हतं. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या बाया तसल्याच कपड्यांत माझ्या पुढं निघून जात होत्या.

किनाऱ्याच्या रस्त्यानं देया, पुढं वाल्देमोसा आणि मग बान्यालबुफार असा त्या दिवशीचा पल्ला होता. जाऊन येऊन सत्तर किलोमीटर. एकही पट्टा सपाट नाही. चढ संपला की वळण, वळणाच्या पलीकडं एकदम खाली निळा समुद्र, मग उतार, की परत चढ. एक गोष्ट पसरणीनं मला शिकवली होती: चढाकडं बघायचं नाही, पुढच्या चाकाच्या चार हात पुढं बघायचं. गिअर आधीच हलका करायचा, नाकानं श्वास घेता येईल इतक्याच वेगानं जायचं. पोरगा मागं राहून माझ्या वेगानं येत होता. त्याला हळू चालवताना त्रास होतोय हे मला मागून येणाऱ्या गिअरच्या आवाजावरून कळत होतं.

पण मी बघत होतो ते वेगळंच. अख्ख्या डोंगराला पायऱ्या पाडलेल्या होत्या. दगडावर दगड रचून, चुना नाही, माती नाही, नुसत्या रचाईवर उभ्या केलेल्या भिंती, आणि प्रत्येक भिंतीच्या आड हात-दोन हात माती, तिच्यात ऑलिव्हची झाडं. आमच्याकडं डोंगरउताराच्या शेताला अशा ताली घालतात. जावळीच्या बाजूला लहान लहान वावरं अशाच तालींवर तगून आहेत. कोकणातला गडगाही याच जातीचा. पण इथं शेकडो ताली, एकावर एक, समुद्रापासून कड्यापर्यंत. ऑलिव्हची खोडं पिळलेल्या धोतरासारखी, काही तर इतकी जुनी की आतून पोकळ होऊनही पालवी धरून होती. या डोंगररांगेला २०११ साली युनेस्कोनं जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, ते निसर्गासाठी नव्हे. माणसानं डोंगराला जे रूप दिलं त्यासाठी.

बान्यालबुफार तर ताली आणि हौदांचंच गाव. डोंगरातलं झऱ्याचं पाणी दगडी पाटानं खाली येतं, हौदांत साठतं आणि पाळीपाळीनं तालींना मिळतं. पाटाला तिथं 'सिकिया' म्हणतात. मूळ अरबी 'साकिया'. गझलेतला पेला भरून देणारा साकी याच धातूतला. पाण्याच्या हौदाला 'सफारेज', तोही अरबी. गावाच्या नावातल्या 'बुफार'मध्ये अरबी 'बह्र', म्हणजे समुद्र, दडलाय असं मानतात. गझलेच्या वृत्ताला आपण बहर म्हणतो तोच हा शब्द. आणि टाकीला किंवा विहिरीला शब्द आहे 'अल्जुब'. हा ऐकून मी थबकलो. सूरह यूसुफमध्ये भावांनी यूसुफला ज्या विहिरीत टाकलं तिला कुराणात 'जुब'च म्हटलंय. मी हा शब्द मदरशात लहानपणी पाठ केला होता. तो इतक्या लांब, एका कॅथलिक शेतकऱ्याच्या बांधावर भेटेल असं कशाला वाटेल?

संध्याकाळी पायांत गोळे आले. पोरानं माझ्या पोटऱ्या चोळून दिल्या. तो आठ-नऊ वर्षांचा असताना बाबांच्या चोळून द्यायचा.

तिसऱ्या दिवशी मांड्या उठू देईनात, म्हणून सायकली ठेवल्या आणि चालत शेजारच्या गावी गेलो. गावाचं नाव बिनिआराइश. दगडी घरं, हिरवी दारं, गल्लीत पाण्याचा खळखळाट. पाटी बघून मी पोराला म्हटलं, "हे बिनी बघितलंस का? नकाशावर किती ठिकाणी आहे ते." आम्ही तिथल्याच एका पारावर बसून नकाशा उघडला. बिनिआराइश, बिनिसालेम, बिनिआली, बिनिबोना. बेटभर पसरलेली नावं. हे अरबी 'बनी'. बनी इस्राईल म्हणतो ना आपण, तेच. बनी म्हणजे पोरं, लेकरं, वंशज. अमक्याची पोरं जिथं राहतात ते गाव.

आता ती पोरं कुठं गेली ते सांगतो. ९०२ साली कोर्दोब्याच्या अमीराच्या फौजांनी हे बेट जिंकलं. सव्वातीनशे वर्षं ते मुसलमानांच्या ताब्यात होतं. १२२९ च्या डिसेंबरच्या अखेरच्या दिवशी आरागॉनचा राजा जेम्स पहिला यानं राजधानी घेतली. शहरात कत्तल झाली. डोंगरातले लोक आणखी काही वर्षं लढले. मग कुणी आफ्रिकेला पळाले, कुणी धर्म बदलला, आणि पुष्कळसे गुलाम झाले, ज्या तालींचे मालक होते त्याच तालींवर. १२३२ साली राजानं जमिनीची वाटणी केली, तिची नोंदवही अजून आहे, तिची एक प्रत अरबीतही आहे. कुठला मळा, कुठलं खेडं, कुणाच्या वाट्याला. वाटणी करणाऱ्यांना जमीन ओळखायला जुनीच नावं लिहावी लागली. त्यामुळं माणसं गेली आणि नावं दप्तरात राहिली. तलाठ्याचं दप्तर बघितलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. आपल्या सातबाऱ्यावरचे मौजे, तालुका, जिल्हा, महसूल हे शब्द तरी कुठून आले? राज्यं गेली, दप्तराची भाषा राहिली.

हे वाचून काही मित्र लगेच म्हणतील, बघा, आपल्यावर काय काय झालं. मला तसं म्हणता येत नाही. एक तर ९०२ मध्येही ते बेट रिकामं नव्हतं, तेव्हाही कुणाची तरी पोरं तिथं नांदत होती, त्यांच्याकडूनही ते तलवारीनंच घेतलं गेलं. दुसरं म्हणजे 'आपण' म्हणजे कोण? माझे पूर्वज कोर्दोब्याहून आलेले नाहीत. ते कृष्णाकाठचे बागवान. अरबी माझी नमाजची भाषा आहे, घरची कधीच नव्हती. बिनिआराइशची पोरं माझी कुणी लागत नाहीत. तरीही त्या पारावर बसून मला जे वाईट वाटलं ते खोटं नव्हतं. शब्द ओळखीचा निघाला की माणसाचं दुःखही थोडं ओळखीचं वाटतं, एवढंच.

पोरगा मात्र दुसरंच बोलला. सोयेरच्या रेल्वे स्टेशनात आम्ही १९१२ सालची ती लाकडी डब्यांची गाडी बघायला गेलो होतो, तिथं त्यानं काही वाचलं होतं. म्हणाला, "अब्बा, या सोयेरमधले लोक एकोणिसाव्या शतकात संत्री घेऊन फ्रान्सला जायचे विकायला. मग बागांवर रोग पडला, तेव्हा कितीतरी घरं फ्रान्सलाच गेली, तिथं फळांची दुकानं टाकली. बागवानच म्हणायचे. यांना कुणी हाकललं नव्हतं. पोटासाठी गेले. काही परत आले, गावात मोठी घरं बांधली. काही नाही आले."

"आणि जे नाही आले त्यांच्या पोरांची नावं?" मी विचारलं.

"फ्रेंच असतील," तो म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "आडनाव राहिलं असेल."

त्या रात्री इशाच्या नमाजला उभा राहिलो तेव्हा फोननं दिशा दाखवली: पूर्व. आयुष्यभर मी पश्चिमेकडं तोंड करून नमाज पढलोय. पश्चिम आणि किबला हे माझ्या डोक्यात एकच होतं. इथं मक्का पूर्वेला होती, आणि साधारण त्याच अंगाला, तिच्या पलीकडं, वाई. सलाम फिरवल्यावर मी बराच वेळ मुसल्ल्यावर बसून राहिलो. पोरगा आंघोळ करून आला, माझ्या शेजारी उभा राहिला आणि त्याची नमाज पढायला लागला. अकरा वर्षं तो ज्या दिशेला वळतो, ती दिशा मी आज पहिल्यांदा बघत होतो.

चौथा दिवस सा कालोब्राचा. सायकलवाल्यांच्या जगात हे नाव फार मोठं आहे. डोंगरमाथ्यावरच्या कोल देल्स रेइस या खिंडीतून एक रस्ता समुद्राकाठच्या इवल्याशा वस्तीवर उतरतो. साडेनऊ किलोमीटर, सरासरी सात टक्के, सव्वीस नागमोडी वळणं. अंतोनियो पारिएत्ती नावाच्या इंजिनिअरनं १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला तो आखला. डोंगर फोडायचा आणि तोच दगड पुढच्या वळणाच्या भरावाला वापरायचा, अशी त्याची रीत. बोगदा त्याला नको होता. एका ठिकाणी उतार जमेना, तर त्यानं रस्ता गोल फिरवून स्वतःच्याच खालून काढला. टायची गाठ जशी असते तसा. लोक त्याला टायची गाठच म्हणतात. आणि या रस्त्याचं मुख्य वैशिष्ट्य: खाली समुद्राशी तो संपतो. पुढं वाट नाही. जो उतरला त्यानं त्याच वाटेनं वर यायचं.

सोयेरहून तिथवर सायकलनं यायचं तर आधी पुच माजोर या बेटावरच्या सगळ्यात उंच डोंगराची खांद पार करावी लागते. ते माझ्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून पोरानं मोटार भाड्यानं घेतली, सायकली मागं बांधल्या आणि गाडी वर, मुख्य रस्त्याच्या कडेला लावली. म्हणाला, "अब्बा, तुम्ही खिंडीतच थांबा. मी खाली जाऊन येतो. तासा-दीड तासाचं काम." मी म्हटलं, "मीही येतो." आमची ही म्हणते ते खरं आहे, मला कुणी 'थांबा' म्हटलं की थांबवत नाही.

उतार काय वर्णावा? करड्या चुनखडीचे सुळे, मधून पांढरी फीत सोडल्यासारखा रस्ता. हात ब्रेकवर आखडून गेले. प्रत्येक वळणाआधी वेग कमी करायचा, वळणात ब्रेक लावायचा नाही, नजर वळणाच्या शेवटाकडं. पोरगा पुढं होता, प्रत्येक वळणावर हात करून खूण द्यायचा. टायच्या गाठीखालून जाताना मी वर बघितलं तर मघाशी ज्या रस्त्यानं आलो तो डोक्यावर होता. खाली पोचलो, समुद्रात पाय बुडवले, पाणी बर्फासारखं. दोघांनी मिळून एक संत्रं खाल्लं. बाबांसारखा मी सालीचा वास घेऊन बघितला. पोरगा म्हणाला, "दादाजी असंच करायचे."

मग चढ सुरू झाला. पहिले चार किलोमीटर मी पसरणीच्या हिशेबानं काढले. पाचव्यापासून हिशेब चुकला. पसरणीत मधे मधे चढ दम घेऊ देतो, हा घेऊ देत नव्हता. दुपारचं ऊन दगडावरून परत अंगावर येत होतं. बाटलीतलं पाणी संपत आलं. पोरगा शेजारून चालवत होता. म्हणाला, "मी वर जाऊन गाडी आणू?" मी नकारार्थी मान हलवली, बोलायला श्वास नव्हता.

सातव्या किलोमीटरला मी उतरलो. मांडीत वांब आला होता, उतरलो म्हणण्यापेक्षा पडता पडता वाचलो. दगडी कठड्याला टेकून बसलो. वरची चार-पाच वळणं दिसत होती, त्यांवरून रंगीबेरंगी सदऱ्यांचे ठिपके सरकत होते. मला एकदम रडायला आलं, आणि ते चढामुळं नव्हतं. पोरगा घाबरला. शुगर कमी झाली का, म्हणून खिशातून खजूर काढून दिला.

मी खजूर खाल्ला आणि म्हणालो, "तुझा दाखला आणलाय. हॉटेलवर बॅगेत आहे. जानेवारीतच मिळाला होता."

तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "माहीत आहे."

"कसं?"

"चाचांनी सांगितलं. तुम्ही घेऊन येत होता तेव्हा ते भेटले होते ना तुम्हाला. मी वाट बघत होतो, तुम्ही कधी सांगता." मग म्हणाला, "अब्बा, तुम्हाला दुसरा काढता येईल, मला दुसरा मागवता आला असता. मला तुमच्या हातूनच हवा होता."

मी त्याला विचारलं, जे तीन महिने विचारायचं राहिलं होतं. का घेतोयस? तो म्हणाला, दर वेळी परवाना, दर वेळी कागद, नोकरी बदलली की धाकधूक. पोराला शाळेत विचारतात तू कुठला, तो म्हणतो इथला, आणि मग बापाचा पासपोर्ट वेगळा. "मी काही सोडत नाही, अब्बा. जिथं राहतो तिथं मत द्यायचंय, एवढंच." मी म्हणालो, "इथलं मत जाईल." तो म्हणाला, "हो. त्याचं मला वाईट वाटतं. कुणाला सांगितलं नाही, पण वाटतं." त्यानं वाईट वाटतं म्हटल्यावर माझ्या छातीवरचं ओझं निम्मं झालं. मला वाटत होतं वाईट फक्त मलाच वाटतंय.

मग तो हसून म्हणाला, "ऑफिसात सगळे विचारतात, तुझं मधलं नाव काय. मी सांगतो, ते माझं नाही, वडिलांचं आहे. अर्जातही ते तसंच लिहिलंय, काढलेलं नाही. बिनिआराइशला बसलो होतो तेव्हा तेच डोक्यात आलं. आपल्या सगळ्यांच्या नावात बिनी आहेच की."

मी इतिहास तीस-बत्तीस वर्षं शिकवला, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

उठलो. परत सायकलवर बसायचा प्रयत्न केला, मांडीनं साफ नकार दिला. पोरगा म्हणाला, "गाडी आणतो." मी म्हटलं, "नको. ढकलतो." आणि मी हँडलला दोन्ही हात लावून चालायला लागलो. बूट सायकलचे, तळाला टणक, खटखट आवाज करत. शेजारून जाणारे चढ न थांबता हात वर करून हिंमत देऊन जात होते. पन्नासेक पावलं गेलो असेन, मागं दुसरी खटखट सुरू झाली. पोरगा उतरून त्याची सायकल ढकलत येत होता. त्याच्या पायांत पुष्कळ ताकद होती, त्याला उतरायचं काही कारण नव्हतं. मी काही विचारलं नाही. अडीच किलोमीटर आम्ही तसेच वर आलो. निम्म्या वाटेवर त्यानं विचारलं, "दादाजी पाट्या मागं बांधायचे की पुढं?" मी सांगितलं, मागं, दोन्ही बाजूंना, आणि हँडल उचलू नये म्हणून पुढं पाण्याचा डबा टांगायचे.

खिंडीत पोचलो तेव्हा असरची वेळ झाली होती. तिथंच कडेला पूर्वेकडं तोंड करून दोघं उभे राहिलो. एक जर्मन जोडपं आमच्या सायकली पडू नयेत म्हणून धरून उभं राहिलं, नमाज होईपर्यंत.

रात्री हॉटेलवर मी खाकी पाकीट त्याच्या हातात दिलं. त्यानं दाखला उघडून वाचला. जन्मस्थळ वाई. वडिलांचं नाव, आईचं नाव. घडी घालून पासपोर्टात ठेवला, निळ्या पासपोर्टात, जो आणखी काही दिवसच त्याच्याकडं असणार आहे.

मी परत येऊन तीन आठवडे झाले. साखर बरीच खाली आहे. सकाळी पसरणीच्या निम्म्या घाटापर्यंत जातो, दमलो की उतरून ढकलतो, आता त्याची लाज वाटत नाही. काल पोराचा फोन आला. बकरी ईदला येतोय, नातवाला घेऊन. पाऊस लागायच्या आत एक दिवस पाचगणीला जाऊ म्हणाला, पहाटे निघून. मी विचारलं, "चालवत की ढकलत?" तो म्हणाला, "पोराला दाखवायचंय ना. ढकलत."

बाबांची काळी सायकल माळ्यावर आहे. टायर गेलेत, कॅरिअर शाबूत आहे. उद्या खाली काढतो.